वाटेवरचे किरकोळ प्रश्न

मनुष्य दिवसभरांत जे प्रश्न विचारतो, त्यांतील फार थोडे खऱ्या जिज्ञासेपोटीं विचारलेले असतात. हातांत पिशवी घेऊन मंडईच्या दिशेनें निघालेल्या गृहस्थाला समोरून येणारा शेजारी विचारतो, "काय, मंडईंत का?" उत्तर त्याच्या डोळ्यांपुढें असतें. अंगणांत वाळवण घालीत बसलेल्या आजीबाईंना "वाळवण चाललंय वाटतं?" असें विचारणाऱ्या सुनेलाहि उत्तराची गरज नसते. पोलंडमध्यें जन्मलेला मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यानें १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत या प्रकाराची शास्त्रीय दखल घेतली. त्याचें म्हणणें असें कीं, अशा बोलण्यांत माहितीची देवघेव जवळजवळ नसतेच. दोन माणसें समोरासमोर आलीं आणि मुकीं राहिलीं, तर त्या मौनाचें दडपण दोघांच्याहि मनावर येतें. तें दूर करण्यापुरताच त्या शब्दांचा उपयोग.

ओळखीच्या माणसांपुरतें हें खरें आहे. परंतु ज्याचें नांव-गांव ठाऊक नाहीं, ज्याची पुन्हां गांठ पडण्याचा संभव नाहीं, अशा माणसाला विचारलेला किरकोळ प्रश्न निराळ्या जातीचा असतो. "वाजले किती?", "ही बस भोसरीला जाते का?", "शंभराचे सुटे आहेत का?", "जरा एवढी चिठ्ठी वाचून दाखवतां का?" या प्रश्नांत विचारणारा दुसऱ्याचा थोडा वेळ मागून घेतो, आपलें अज्ञान उघडें करतो आणि मिळेल त्या उत्तरावर भरंवसा ठेवून पाऊल टाकतो. उत्तर देणाऱ्याचा खर्च शून्याच्या जवळपास असतो. विचारणाऱ्याची गरज मात्र कधीं कधीं फार मोठी असते, आणि त्या गरजेचा अंदाज उत्तर देणाऱ्याला बहुधा येत नाहीं. या व्यवहाराचें सारें महत्त्व या विषमतेंत सांठवलेलें आहे. तें कळण्यास पिंपरी-चिंचवड व चाकण हा कारखान्यांचा मुलूख फार सोयीचा आहे. कारण येथें जवळजवळ प्रत्येक मनुष्य केव्हां ना केव्हां अनोळखी म्हणून उभा राहिलेला असतो.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी, भोसरी हीं मुळांत खेडीं. मोरया गोसावींच्या समाधीमुळें चिंचवडचें नांव दूरवर माहीत होतें. बाकीच्यांचीं नांवें पंचक्रोशीपुरतीं. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी औषध-कंपनी पिंपरीस स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि त्या दशकांत टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने व त्यांच्या आधारानें चालणारे शेंकडों लहान कारखाने या माळरानावर उभे राहिले. १९७० सालीं नगरपालिका, १९८२ सालीं महानगरपालिका. २००१ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या दहा लाखांहून किंचित् अधिक होती. २०११ मध्यें ती १७,२७,६९२ भरली. दहा वर्षांत सात लाखांची भर घरच्या पाळण्यांतून पडत नाहीं, ती एस. टी.च्या थांब्यावरून आणि रेल्वेच्या फलाटावरून येते.

पुणें-नाशिक रस्त्यानें मोशीपुढें इंद्रायणी ओलांडली कीं पुढें चाकण लागतें. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध छपन्न दिवस झुंजविलेला भुईकोट याच गांवांतला. त्यानंतर चाकणची ख्याति कांद्याच्या बाजाराची. या शतकाच्या आरंभापासून मात्र तेथें मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने झपाट्यानें आले. २००९ मध्यें फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, इतरहि आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथील तरुणांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील तरुणहि तेथें उतरूं लागले. उतरणाऱ्याच्या खिशांत बहुधा एक पत्ता असतो, आणि त्याचा त्या गांवांतील पहिला व्यवहार हा एखाद्या परक्या माणसाला विचारलेला प्रश्नच असतो.

हा पत्ता ही मोठी गमतीची वस्तु आहे. जुन्या गांवांत पत्ता म्हणजे माणसाचें नांव. पाटलांचा वाडा कोणीहि दाखवी. पुण्याच्या पेठांत घराला क्रमांक आला, तरी लोक बोळ, देऊळ आणि हौद यांवरूनच घर ओळखीत. या औद्योगिक पट्ट्यांत पत्त्याच्या तीन-चार तऱ्हा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. औद्योगिक महामंडळाच्या क्षेत्रांत इंग्रजी अक्षरांचे ब्लॉक आणि त्यांत प्लॉटचे क्रमांक. निगडी प्राधिकरणाच्या वसाहतींत सेक्टर. तळवडें, चिखली किंवा चाकणच्या आसपास गेलें कीं गट क्रमांक. हा गट क्रमांक म्हणजे शेतजमिनीचा क्रमांक. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तो शोभतो. परंतु शेतें रस्त्याच्या कडेनें ओळीनें मोजलेलीं नसतात. त्यामुळें एका गटाशेजारीं उभें राहून पुढचा गट शोधूं जाणारा मनुष्य ओढ्याच्या पलीकडे जाऊन पोंचतो. ज्या शेतांत पूर्वीं ज्वारी होती, त्यांत आतां यंत्रें धडधडत असतात. क्रमांक मात्र ज्वारीच्या काळचा आहे.

या गोंधळावर लोकांनीं स्वतःच एक उपाय शोधून काढला. त्यांनीं चौकांना कंपन्यांचीं नांवें दिलीं. के. एस. बी. चौक, थरमॅक्स चौक, फिनोलेक्स चौक अशीं नांवें आतां बसच्या पाट्यांवरहि आढळतात. कंपनीनें नांव बदललें तरी लोकांच्या तोंडचें नांव बदलत नाहीं. टेल्कोनें २००३ सालीं टाटा मोटर्स हें नांव धारण केलें. रस्ता मात्र टेल्को रस्ताच राहिला. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची वसाहत ही सर्वांची 'एच. ए. कॉलनी'. नवीन आलेला मनुष्य कागदावरचें नांव विचारतो, जुना मनुष्य तोंडांतलें नांव सांगतो, आणि दोघांची गांठ पडावयास मध्यें एक-दोन जास्तीचे प्रश्न खर्चीं पडतात. "टाटा मोटर्स? म्हणजे टेल्को म्हणा कीं!" या उत्तरांत माहितीबरोबर एक दीक्षाहि दिली जाते. दुसऱ्या दिवशीं तोच नवागत दुसऱ्या कोणाला तरी टेल्को म्हणूनच सांगतो.

विचारावें कोणाला, याचेंहि एक शास्त्र आहे, आणि तें कोणी शिकवीत नाहीं. घाईनें चालणाऱ्याला विचारूं नये; तो पाय न थांबवितां हात दाखवितो, आणि चालत्या माणसाच्या हाताची दिशा फसवी असते. कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन आपल्या फाटकापुरता तज्ज्ञ असतो. शेजारच्या कंपनीचें नांव त्याला ठाऊक असेलच असें नाहीं, कारण कंत्राटदारानें त्याला येथें उभें केल्यास कदाचित् आठच दिवस झालेले असतात. रिक्षावाल्याला सर्व ठाऊक असतें, परंतु त्याच्या उत्तरांत भाडें दडलेलें असण्याची शंका विचारणाऱ्याच्या मनांत येते आणि ती नेहमींच रास्त असते असें नाहीं. उरतो चहाच्या टपरीचा मालक. तो एका जागीं बसलेला असतो, तिन्ही पाळ्यांचे कामगार त्याच्यापुढून जातात, कोणत्या कंपनीची बस कोठें थांबते आणि कोणत्या खोलींत जागा रिकामी झाली हें त्याला न विचारतां कळतें. त्याला विचारण्यापूर्वीं चहा घ्यावा लागत नाहीं. पण घेतला तर उत्तर जास्त तपशीलवार मिळतें.

उत्तरांतहि एक दोष आहे, आणि तो सौजन्यांतून जन्माला आलेला आहे. "माहीत नाहीं" असें म्हणणें आपल्याकडे बऱ्याच जणांना उद्धटपणाचें वाटतें. दारीं आलेल्याला रिकाम्या हातीं पाठवूं नये, या शिकवणुकीचाच तो दूरचा नातलग असावा. मग पत्ता ठाऊक नसलेला भला मनुष्य थोडा विचार करून, कपाळाला आठ्या घालून, "असं करा, सरळ जा, पुढें चौकांत कोणालाहि विचारा" असें सांगतो. त्यांतील 'सरळ' हा शब्द अंदाजाचा असतो आणि 'कोणालाहि विचारा' एवढाच भाग खरा. अंतराच्या बाबतींतहि तसेंच. "हें काय, इथेंच पुढें" याचा अर्थ दोनशे पावलें असूं शकतो, किंवा दोन कोस. म्हणून सरावलेला वाटसरू एकाच उत्तरावर विसंबत नाहीं; शंभर पावलांवर दुसऱ्याला तोच प्रश्न विचारतो, आणि दोन उत्तरें जुळलीं तरच वळण घेतो. पुण्याच्या पेठांत पत्ता विचारणाऱ्यांना बजावणाऱ्या पाट्यांची थट्टा सर्वत्र होते. परंतु स्पष्ट नकार देणारा पुणेकर आणि चुकीची वाट आपुलकीनें दाखविणारा गांवकरी यांत पाय कोणाचे जास्त दुखवितात, याचा हिशेब त्या वाटसरूनेंच करावा.

प्रश्नाच्या आधीं संबोधन येतें, आणि मराठींत अर्धें काम तेथेंच होतें. इंग्रजींत अनोळखी माणसाला हांक मारण्यास क्षमायाचनेचे दोन शब्द पुरतात. मराठी माणूस हांकेबरोबर एक नातें जोडूनच प्रश्न विचारतो. वयस्क गृहस्थ काका, त्याहून वृद्ध बाबा किंवा आजोबा, भाजीवाली मावशी, पोलीस व बसचा चालक मामा, समवयस्क दादा किंवा भाऊ, तरुण स्त्री ताई. खेड्यांतून आलेला वडीलधारा मनुष्य परक्याला 'पाव्हणं' म्हणतो. ज्याच्या दारीं हा स्वतः पाहुणा म्हणून आलेला आहे, त्यालाच पाव्हणं म्हणण्यांत विनोद आहे खरा, पण त्यांत आदरहि आहे. हांकेवरून माणूस कोठला हेंहि ओळखूं येतें. नागपूर-अमरावतीकडील तरुण 'भाऊ' म्हणतो, त्याचा उच्चारच वेगळा. पुण्याजवळचा 'दादा' म्हणतो. उत्तरेकडून आलेला 'भैया' म्हणतो. हाच शेवटचा शब्द मराठी तोंडीं मात्र कधीं कधीं नात्याऐवजीं हिणवणीचा होतो. एकाच शब्दानें जवळहि करतां येतें आणि दूरहि ढकलतां येतें. ऐकणाऱ्याला स्वरावरून तें तत्काळ कळतें.

या सर्वांहून निराळें एक संबोधन याच मातींत आहे. देहू आणि आळंदी या पट्ट्याच्या दोन अंगांना आहेत. ज्येष्ठांत तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीस मुक्काम करते. त्या वाटेवर स्त्री असो वा पुरुष, लहान असो वा थोर, प्रत्येक जण 'माउली' असतो. "माउली, पाणी कुठं मिळेल?", "माउली, जरा सरकतां का?" असे प्रश्न त्या दिवसांत निगडी-आकुर्डीच्या रस्त्यावर हजारोंनीं ऐकूं येतात. काका-मामा म्हणण्यासाठीं निदान वयाचा अंदाज घ्यावा लागतो. माउली म्हणण्यास तोहि घ्यावा लागत नाहीं. कारखान्याच्या पाळीवरून परतणारा ओडिया तरुणहि दोन दिवस या शब्दानें हांक ऐकतो आणि पाण्याचा नळ दाखवितो.

किरकोळ प्रश्नाला लोक खरोखर कितपत उत्तर देतात, याचें मोजमाप कोणी केलें आहे काय? केलें आहे. बिब लाताने व जॉन डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील असा प्रयोग नमूद आहे. विद्यार्थ्यांनीं वाटेनें जाणाऱ्या लोकांना साध्या गोष्टी विचारल्या. वेळ विचारली तेव्हां शेंकडा ८५ लोकांनीं सांगितली. टाइम्स स्क्वेअरची वाट शेंकडा ८४ जणांनीं दाखविली. नाण्याची मोड शेंकडा ७३ जणांनीं दिली. परंतु "आपलें नांव काय?" या प्रश्नाला शेंकडा ३९ जणांनींच उत्तर दिलें, आणि दहा सेंटचें नाणें शेंकडा ३४ जणांनीं. गंमत अशी कीं, पैसे मागण्यापूर्वीं "माझें पाकीट चोरीस गेलें" एवढें कारण सांगितलें तर देणाऱ्यांचें प्रमाण ७२ वर गेलें, आणि कारण न सांगतां केवळ स्वतःचें नांव सांगितलें तरी तें ४९ पर्यंत चढलें. ज्यानें आपली ओळख आधीं दिली, त्याला निम्म्या शहरानें दान दिलें.

दुसरा प्रयोग २००८ सालचा, फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक यांचा. अनोळखी लोकांकडून एक प्रश्नपत्रिका भरून घ्यावयाची होती. पांच जण तयार व्हावयास किती जणांना विचारावें लागेल, असें विद्यार्थ्यांना आधीं विचारलें. त्यांचा अंदाज सरासरी विसांचा होता. प्रत्यक्षांत सुमारें दहा जणांना विचारल्यावर काम झालें. विचारणारा नकाराची भीति दुपटीनें मोठी करून पाहतो. त्याचें कारणहि त्या संशोधकांनीं दिलें आहे: विचारणाऱ्याचें सारें लक्ष मदतीला किती त्रास पडेल याकडे असतें, तर समोरच्याला तोंडावर 'नाहीं' म्हणणेंच अधिक जड जातें. शिकागोच्या आगगाडींत निकोलस एपली व ज्युलियाना श्रोडर यांनीं २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेला प्रयोगहि याच अर्थाचा आहे. शेजारच्या परक्याशीं बोलावें लागलें तर प्रवास कंटाळवाणा होईल, असें लोकांना वाटत होतें; ज्यांना बोलावयास लावलें त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षां अधिक सुखाचा झाला.

न्यूयॉर्कचे आंकडे जसेच्या तसे भोसरीस लागू करणें अर्थातच चुकीचें होईल. तेथें नांव सांगण्यास लोक कचरले. येथें नांव आणि गांव हीं वेळेच्याहि आधीं सांगितलीं जातात. चहाच्या टपरीवर दोन परके शेजारीं बसले कीं दुसरा प्रश्न ठरलेला: "गांव कोणतं?" जालना, बुलढाणा, लातूर असें कांहीं उत्तर आलें कीं तालुका विचारला जातो, तालुक्यावरून ओळखीचा एखादा मास्तर किंवा डॉक्टर निघतो, आणि पांच मिनिटांपूर्वीं परका असलेला मनुष्य 'आपल्याकडचा' होतो. घरापासून दूर आलेल्याला या प्रश्नाचा केवढा आधार वाटतो, तें सांगावयास नको. पाळी संपल्यावर चौघांनीं भाड्यानें घेतलेल्या एका खोलीकडे परतणाऱ्या मुलाला दिवसभरांत त्याच्या गांवाचें नांव घेऊन बोलणारा तोच एक भेटलेला असतो.

परंतु हाच प्रश्न एक पायरी पुढें गेला कीं त्याचा रंग पालटतो. "आडनांव काय?" खोली भाड्यानें शोधणाऱ्याला हा प्रश्न दारांतच विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा स्वर कितीहि सहज असला तरी तो सहज नाहीं हें दोघांनाहि ठाऊक असतें. आडनांवावरून न कळलें तर गांवांतली आळी विचारली जाते, तेवढ्यानेंहि न भागलें तर "घरीं काय खातां?" असें विचारतात. उत्तरानंतर "खोली कालच दिली" असें सौम्यपणें सांगण्यांत येतें. रस्त्यावरच्या किरकोळ प्रश्नांत विचारणारा स्वतःचें अज्ञान उघडें करतो. येथें विचारणारा दुसऱ्याला उघडें पाडतो. शब्द तितकेच थोडे, स्वर तितकाच गोड, पण व्यवहार नेमका उलटा. परक्याची चौकशी करण्याची मराठी संवय किती मनमोकळी आहे, याचें कौतुक करणाऱ्यांनीं खोली शोधीत फिरणाऱ्याचें म्हणणेंहि ऐकावें.

स्त्रियांच्या बाबतींत प्रश्न विचारणें म्हणजे आणखी एक जोखीम. अंधार पडल्यावर चाकणच्या चौकांत बसची चौकशी करणारी तरुणी प्रथम बाईच शोधते. बाई नसेल तर म्हातारा मनुष्य, तोहि नसेल तर उजेडांतलें दुकान. आपण येथें नवीन आहों हें कोणाला कळूं द्यावें आणि कोणाला नाहीं, याचा निर्णय तिला क्षणांत करावा लागतो. म्हणून पुष्कळ जणी प्रश्न असा विचारतात कीं त्यांत अज्ञान दिसूं नये: "निगडीची गाडी गेली का हो?" रोजची गाडी आज चुकली एवढेंच त्यांतून ऐकणाऱ्याला समजतें. कामाच्या शोधांत आलेल्या तरुणांनाहि ही युक्ति शिकावी लागते. अमुक कंपनीचें फाटक कोठें, हें विचारणाऱ्याच्या हातांतली कागदांची पिशवी पाहून "चला, मीच लावून देतों नोकरी, थोडे पैसे भरावे लागतील" असें म्हणणारेहि भेटतात. भोळा प्रश्न ज्याच्या कानीं पडतो, तो प्रत्येक वेळीं भलाच असतो असें नाहीं.

परक्यांना किरकोळ प्रश्न विचारून शहाणपण गोळा करण्याचा उद्योग विद्वानांनींहि केलेला आहे. इंग्लंडमध्यें १९३७ सालीं 'मास ऑब्झर्व्हेशन' नांवाची एक संस्था निघाली. तिनें देशभरच्या स्वयंसेवकांना तुमच्या घरांत शेगडीवरच्या फळीवर काय काय वस्तु मांडलेल्या आहेत, असले प्रश्न लिहून पाठविले. त्या काळीं हंसूं आणणारीं तीं उत्तरें आज इतिहासकार बारकाईनें वाचतात. त्याच सुमारास पुण्यांत गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीनें धनंजयराव गाडगीळ यांनीं शहरांतील कुटुंबांची पाहणी करविली. खोल्या किती, भाडें किती, मिळकत किती, असे प्रश्न घेऊन पाहणी करणारे घरोघर हिंडले, आणि १९४५ मध्यें तिचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. २०११ च्या शिरगणतीसाठीं आदल्या वर्षीं जी घरयादी झाली, तींत पस्तीस प्रश्न होते: दिवा कशाचा, चूल कशावर पेटते, सायकल आहे का, रेडिओ आहे का. शाळामास्तर दारीं येऊन असें विचारतो तेव्हां गृहिणीला त्याचें हंसूं येतें. पण अशा लाखों 'हो' आणि 'नाहीं' यांवरूनच नळ कोठें न्यावयाचा याचा हिशेब मांडतां येतो.

मोबाईल आल्यापासून वाटेवरच्या प्रश्नांपैकीं कांहीं नाहींसे होत चालले आहेत. वेळ विचारणारा आतां क्वचितच भेटतो. नकाशा खिशांत आहे, तोच डावें-उजवें सांगतो; गट क्रमांकाच्या चक्रव्यूहांत तोहि फसतो, ती गोष्ट निराळी. परंतु प्रश्न विचारण्याची हौस कमी झालेली नाहीं; ती फक्त रस्त्यावरून उठून पडद्यावर जाऊन बसली. वाकड, मोशी, रावेत येथील उंच इमारतींत शेंकडों कुटुंबें राहतात. शेजारच्या दारावरची पाटी वाचलेली नसते, पण इमारतीच्या व्हॉट्सॲप गटांत सर्व जण असतात. "पाणी आलं का?", "लाईट फक्त आमचीच गेली कीं सगळ्यांची?", "इस्त्रीवाला आज आला होता का?", "घरांत मेथी आहे का कोणाकडे थोडी?" २०१९ च्या अखेरीस शहरांत दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात झाली, तेव्हांपासून यांतील पहिल्या प्रश्नाला विशेष तेज आलें. तो विचारणाऱ्याला स्वतःच्या घरांतील नळ फिरवूनहि उत्तर मिळालें असतें. परंतु त्याला नळाची बातमी नको असते. कोरडेपणांत आपण एकटे नाहीं, एवढें ऐकावयाचें असतें. मालिनोव्स्कीचा सिद्धांत येथें अकराव्या मजल्यावर जाऊन भेटतो.

या नव्या रीतीचे लाभ नाकारण्याचें कारण नाहीं. भिडस्त माणसाला तींत चेहरा दाखवावा लागत नाहीं. रात्रीं एकट्या असलेल्या बाईला औषधाचें दुकान उघडें आहे का तें दारें लावून घेऊन विचारतां येतें. मराठी नीट न येणारा मनुष्य सावकाश शब्द जुळवून लिहूं शकतो. उणें आहे तें उत्तराच्या बाजूला. शंभर लोकांना एकदम विचारलेला प्रश्न कोणा एकाला विचारलेला नसतो, म्हणून तो पुष्कळदां कोणाचाच होत नाहीं. लाताने आणि डार्ली यांचें मुख्य संशोधन नेमकें याच विषयावर होतें: पाहणारे जितके अधिक, तितकी एकेकाची जबाबदारी विरळ. चौकांत "काका, जरा ऐकतां का?" म्हणून थांबविलेल्या एकट्या माणसाला मात्र सुटका नसते. तो उत्तर देतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला तर पुन्हां, अधिक सावकाश देतो; आणि तरीहि समजलें नाहीं तर "चला, मी तिकडेच निघालों आहें" असें म्हणून दहा पावलें बरोबर चालतो. तो तिकडे निघालेला असतोच असें नाहीं.

जेथें उत्तर समोर लिहिलेलें असतें, तेथेंहि हे प्रश्न बंद झालेले नाहींत. पुणें-लोणावळा लोकल १९७८ पासून या कारखान्यांच्या पट्ट्यांतून धांवते आहे. डब्यावर पाटी असते, फलाटावर घोषणा होते, आणि तरी दारांत पाय ठेवणारा मनुष्य आंतल्याला विचारतोच, "लोणावळाच ना?" ६ मार्च २०२२ रोजीं पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, तेथें तर प्रत्येक स्थानकाचें नांव तीन भाषांत सांगितलें जातें. तेथेंहि प्रवासी शेजाऱ्याकडे वळून "पुढचं कासारवाडीच ना?" असें विचारतांना दिसतात. मराठींतला हा 'ना' फार कामाचा शब्द आहे. तो लावला कीं विचारणारा अडाणी ठरत नाहीं, कारण उत्तर त्यानें स्वतःच सांगितलेलें असतें. आणि ऐकणाऱ्यालाहि श्रम पडत नाहींत, मान हलविली कीं झालें. मान हलविल्यानंतर बहुधा तोच विचारतो, "कासारवाडीला कुठं?"